गंजलेल्या डब्यांची चौकशी करा: परदेशातल्या मराठी मंडळींना खुले पत्र

प्रति,
नैरोबी, कंपाला, लुसाका, लागोस, सिंगापूर, हाँगकाँग इथे राहणारी मराठी मंडळी,
जिथे असतील तिथली महाराष्ट्र मंडळे,
आणि मॉरिशसमधले समस्त मराठी बांधव यांस,

सप्रेम नमस्कार.

गणपतीची वर्गणी, दिवाळी अंक, पुण्याहून नाटक कधी येणार, अशा विषयांची पत्रं तुम्हाला नेहमी येत असतील. हे पत्र जुन्या टीव्ही कार्यक्रमांच्या हरवलेल्या रिळांबद्दल आहे, आणि तेही ब्रिटिश कार्यक्रमांच्या. ‘या माणसाला दुसरा उद्योग नाही का?’ असं कुणी म्हणेल. खरंच नाही. मी निवृत्त आहे. नोकरीतली बरीचशी वर्षं मी पुण्यात सोळा मिलिमीटरच्या फिल्मा तपासण्यात घालवली. शाळाशाळांत दाखवायच्या शैक्षणिक फिल्मा असत त्या. एसटीच्या पार्सलने जायच्या, परत आल्या की रिवाइंडरवर चढवायच्या, कडेला बोट लावून तुटकी भोकं शोधायची, जोड मारायचा आणि डबा पुन्हा मांडणीवर. त्यामुळे डबा हा विषय निघाला की मला राहवत नाही.

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथांची मालिका तुमच्यातल्या पुष्कळांना नावाने तरी माहीत असेल. 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. पहिल्या सहा वर्षांत तिचे 253 भाग झाले, सगळे कृष्णधवल. 2013 मध्ये जगभरची शोधाशोध एका मोठ्या टप्प्यावर आली, तेव्हाही त्यातले 97 बेपत्ता होते. युद्धात जळाले नाहीत, पुरात वाहून गेले नाहीत. बीबीसीनेच पुसले.

आज हे ऐकून हसू येतं, पण त्या वेळी त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या व्हिडिओ टेपवर उतरवत, टेप भयंकर महाग, आणि पुसून पुन्हा वापरता येई. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने भाग वाटेल तितक्यांदा पुन्हा दाखवता येत नसत. पुढे रंगीत टीव्ही आला, मग काळंपांढरं कोण बघणार? घरी कॅसेट लावून लोक जुन्या मालिका बघतील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. 1967 पासून मूळ टेपा पुसायला सुरुवात झाली. शिवाय फिल्मचा विभाग वेगळा, टेपांचा वेगळा, विक्रीचा तिसराच. प्रत्येकाला वाटे की दुसऱ्याकडे प्रत असणारच. सरकारी कचेरीत ज्याने दिवस काढलेत त्याला हे समजावून सांगायला नको.

तुमचा संबंध येतो तो विक्री विभागापाशी. परदेशी केंद्रांना कार्यक्रम विकायचा तर टेप पाठवून भागत नसे. प्रत्येक देशाची यंत्रं वेगळी, लहान केंद्रांकडे टेपची यंत्रंच नसत. म्हणून एका सपाट पडद्यावर कार्यक्रम चालवायचा आणि त्याच्यासमोर सोळा मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा लावून तो टिपायचा. पंचवीस मिनिटांचा एक भाग म्हणजे साधारण साडेनऊशे फूट फिल्म, एक डबा. प्रोजेक्टर तर सगळ्यांकडेच असे. हे डबे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, हाँगकाँग, नायजेरिया, केनिया, युगांडा, झांबिया, मॉरिशस असे फिरत राहिले. पैसे वाचवायला एकच प्रत देशोदेशी हिंडे. एका केंद्राने दाखवली की डबे पुढच्या देशाच्या केंद्राला रवाना. सगळं दाखवून झालं, हक्कांची मुदत संपली की केंद्राने डबे लंडनला परत धाडायचे, किंवा इथेच नष्ट केले असा दाखला पाठवायचा. लंडनमध्ये परत आलेल्या प्रतींचीही 1978 पर्यंत तीच गत होत होती.

म्हणजे आज जे भाग सापडतात ते कुणीतरी हुकूम पाळला नाही म्हणून सापडतात. हिशेब एवढाच आहे. कुठे परत पाठवायचा खर्च वाचवला, कुठे दाखल्यावर सही केली आणि डबे मात्र माळ्यावर राहिले, कुठे शिपायाला दया आली, कुठे कुलपाची किल्ली हरवली आणि कपाट तसंच बंद राहिलं. जगातल्या सगळ्या नियोजनबद्ध संग्रहालयांनी मिळून जेवढं वाचवलं नसेल तेवढं या एका मालिकेच्या बाबतीत आळसाने आणि चोरटेपणाने वाचवलंय. (आमच्या साहेबांनी हे वाक्य खोडलं असतं. आता ते नाहीत आणि मीही नोकरीत नाही.)

हाँगकाँगच्या मंडळींना अभिमान वाटावा अशी गोष्ट त्यांच्याच शहरातली. ‘टूम ऑफ द सायबरमेन’ ही 1967 सालची चार भागांची कथा पार गेली असं धरून चालले होते. ती तिथल्या एका वाहिनीच्या साठ्यात जशीच्या तशी निघाली आणि 1992 च्या सुरुवातीला ते जाहीर झालं. न्यूझीलंडमध्ये 1999 मध्ये एक सुटा भाग मिळाला. केंद्राने टाकून दिलेल्या मालातून कुणीतरी वाचवलेला, मग हौशी संग्राहकांच्या हातून फिरत राहिलेला. ऐंशीच्या दशकात सायप्रसहून आणि नायजेरियाहून काही भाग आले. खुद्द लंडनमध्ये दोन भाग 1983 मध्ये मिळाले, तेही एका मॉर्मन चर्चच्या तळघरात. ते तिथे कसे पोचले याचा नीट उलगडा कुणी केलेला नाही, आणि मला विचाराल तर करूही नये.

मग नायजेरियातलं जॉस. पठारावरचं गाव, टीव्हीचं एक पुनःप्रक्षेपण केंद्र. फिलिप मॉरिस हा ब्रिटिश शोधकर्ता आफ्रिकेतली केंद्रं पालथी घालत फिरत होता. तिथल्या सामानाच्या खोलीत धूळ खात पडलेल्या डब्यांच्या रांगेसमोर तो उभा राहिला. डब्यांवर चिकटपट्ट्या होत्या. एका पट्टीवरची धूळ त्याने हाताने पुसली तर खाली मालिकेचं नाव. अकरा डबे, त्यातले नऊ भाग जगात दुसरीकडे कुठेही नव्हते. ऑक्टोबर 2013 मध्ये बातमी फुटली आणि लोकांनी रातोरात ते भाग विकत घेऊन पाहिले. त्यातल्या ‘द वेब ऑफ फिअर’ या कथेचा तिसरा भाग तेवढा नंतर हाती आला नाही. मॉरिस सांगतो की तोही तिथे होता आणि मधल्या काळात कुणीतरी लांबवला.

हे वाचलं तेव्हा मला त्या खोलीचा वास आला. माझ्या ओळखीचा वास आहे तो. ॲसिटेटची फिल्म दमट उकाड्यात कुजायला लागली की व्हिनेगरचा दर्प सुटतो, डबा उघडताच डोळ्यांत पाणी येतं. एकदा सुरू झालं की आतल्या आत वाढत जातं आणि शेजारच्या डब्यालाही लागतं. फिल्म आक्रसते, वाकडी होते, शेवटी काळ्या गुळाच्या ढेपेसारखा गोळा होतो. नायजेरियातच सापडलेल्या, 1968 च्या एका ‘मोरकम अँड वाइज’ विनोदी कार्यक्रमाच्या रिळाची अशीच ढेप झाली होती. उलगडायला गेलं की चुरा. तेव्हा लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात, दातांच्या अभ्यासासाठी बनवलेल्या सूक्ष्म क्ष-किरण यंत्रात त्या गोळ्याचे तुकडे ठेवून आतल्या थरांवरची चित्रं न उलगडता वाचली. पूर्ण कार्यक्रम काही मिळाला नाही, पण माणसं हसताना दिसली. आम्ही असे गोळे सरळ कचऱ्यात टाकत होतो.

टाकत होतो म्हणालो, ते सांगूनच टाकतो.

आमच्याकडे व्हीएचएस कॅसेटी आल्या आणि सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर कुणी मागेना. वरून पत्र आलं, जुन्या फिल्मांचं निर्लेखन करा. यादी मी केली. डब्याचा क्रमांक, नाव, फूट, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘वापरण्यायोग्य नाही’ असं मी ओळीने लिहीत गेलो. त्यातल्या कित्येक प्रती उत्तम होत्या हे मला माहीत होतं, आदल्याच वर्षी मी त्या स्वतः तपासल्या होत्या. खाली सही माझी. भवानी पेठेतला भंगारवाला टेम्पो घेऊन आला. कृष्णधवल फिल्मेतून चांदी निघते म्हणून ती तो वेगळी तोलत होता. काट्यावर रिळं चढत होती आणि मी पावती फाडत होतो.

आमचा रखवालदार भोर तालुक्यातला. टेम्पो निघायच्या आधी माझ्याकडे आला आणि म्हणाला, “साहेब, ह्यात आमच्या गावची जत्रा हाय.” गावोगावच्या आरोग्य शिबिरांवर एक फिल्म होती, त्यात दोनेक मिनिटं त्याचं गाव दिसायचं. मी म्हणालो, यादी झाली, आता काही होणार नाही. तो गप्प बसला. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी त्याचा मुलगा माझ्या घरी आला. वडील वारले होते. पिशवीतून त्याने एक डबा काढून टेबलावर ठेवला. झाकणावर माझ्याच अक्षरातला क्रमांक. त्याच्या घरी कोरड्या फडताळात तांदळाच्या डब्यांमागे तो ठेवलेला होता, वास अजिबात नाही. मी ओळखीच्यांकडे चौकशी केली, त्या फिल्मेची दुसरी प्रत कुठेही नव्हती. मुलगा आधी काय म्हणाला असेल? “काका, ही चोरी धरतील का?”

या प्रश्नासाठीच हे पत्र लिहायला बसलो.

लंडनहून कुणी तज्ज्ञ नैरोबीला किंवा कंपालाला जातो तेव्हा तो केंद्राच्या संचालकांना भेटतो. संचालक हाताखालच्यांना विचारतात, ते रजिस्टर काढतात, रजिस्टरमध्ये ‘नष्ट केले’ असं लिहिलेलं असतं. सगळं रीतसर आणि सगळं निरुपयोगी. पंचाहत्तरी उलटलेला तंत्रज्ञ, प्रोजेक्टर चालवणारा, गोदामाचा कारकून, रखवालदाराची विधवा यांच्या घरी जाऊन चहा पीत कुणी विचारत नाही. परक्या देशातून आलेल्या पाहुण्याला ते कळणारही नाही. तुम्ही तिथे तीस-चाळीस वर्षं राहताय. कुणाचं दुकान आहे, कुणी शाळेत शिकवलंय, कुणी टेलिफोनखात्यात किंवा विजेच्या कंपनीत होतं. कोणाचा मेहुणा रेडिओ स्टेशनवर होता ते तुम्हाला ठाऊक असतं. मॉरिशसच्या मंडळींचं तर ते घरच आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं. तेव्हा तुम्ही विचारा. आणि विचारताना पहिलंच वाक्य असं असू द्या की यात कुणाला दोष द्यायचा नाही, उलट तुम्ही ठेवलंत म्हणून आम्ही पाया पडायला आलोय.

‘पण आपल्या माणसांचा काय संबंध?’ हा प्रश्न एखाद्या कार्यकारिणीच्या बैठकीत येईलच. त्याचं एक उत्तर माझ्याकडे आहे. ‘डॉक्टर हू’च्या अगदी पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौला जन्मलेला आणि बालपणाची वर्षं मुंबईत घालवलेला मुलगा, 1946 मध्ये आईवडिलांबरोबर विलायतेला गेलेला. बीबीसीतला तो तेव्हाचा अगदी तरुण दिग्दर्शक. त्याने 1964 मध्ये ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा केली, सातातले सहा भाग त्याचे. कुब्लाई खानाच्या दरबारापर्यंतचा प्रवास, वाळवंट, तंबू, भरजरी कपडे. ती जगभर विकली गेली आणि आज तिच्या सातपैकी एकही भाग उपलब्ध नाही. आवाज आहे, कारण त्या काळी काही पोरांनी घरच्या टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून ठेवला होता. सगळ्याच हरवलेल्या भागांचे आवाज अशा पोरांमुळे राहिलेत. चित्रं म्हणाल तर जॉन क्युरा नावाचा एक छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून नटांना आणि दिग्दर्शकांना विकायचा. हुसेन यांनी आपल्या सहा भागांचे ते फोटो घरी जपून ठेवले होते. चौथा भाग दुसऱ्या दिग्दर्शकाचा, त्याचे तेवढे नाहीत. ‘मार्को पोलो’चे डबे तुमच्यापैकी काहींच्या शहरांतून गेलेले आहेत.

आणखी एक, सेन्सॉरवाल्यांचं. ऑस्ट्रेलियात साठच्या दशकात मुलांना भीती वाटेल अशी दृश्यं कापून काढत आणि कापलेले तुकडे दफ्तरी लावून ठेवत. अख्खे भाग गेले, पण 1996 मध्ये तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते तुकडे सापडले. काही भागांचं आज फक्त तेवढंच हलतं चित्र आहे, जे दाखवायला बंदी होती तेवढंच. तेव्हा डब्याऐवजी पाकिटात गुंडाळलेली हातभर फिल्म मिळाली तरी टाकू नका.

एका बाबतीत मात्र मला तुम्हाला आधीच बजावायचंय. ब्रिटिश मालिकेच्या नादात शेजारचा डबा बाजूला फेकू नका. त्याच मांडणीवर त्या देशाची स्वतःची नाटकं, बातमीपत्रं, गाणी असणार, स्वाहिलीत, हौसात, क्रिओलमध्ये. ती त्यांच्याकडेही दुसरीकडे नसतील. लंडनचे लोक त्यांचं शोधायला येतात हे ठीक आहे. पण डबा ज्या केंद्राचा किंवा ज्या माणसाचा आहे त्याला विचारल्याशिवाय, त्याच्या हाती कागद दिल्याशिवाय तो देशाबाहेर जाता कामा नये. लंडनला डबा पाठवताना त्या देशात ठेवायला एक चांगली डिजिटल प्रत मागून घ्या. वस्तू उचलून न्यायची सवय त्यांना जुनी आहे, ती आपण मराठी माणसांनी आणखी पोसू नये. देवघेव कशी करतात याचं बरं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. 1919 चा ‘बिल्वमंगल’ हा मूकपट आपल्याकडे उरला नव्हता, त्याचा वाचलेला भाग पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट संग्रहात होता. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने बदल्यात दुसऱ्या एका मूकपटाची प्रत दिली आणि ‘बिल्वमंगल’ची डिजिटल प्रत मिळवली. दोघांकडे दोन गोष्टी झाल्या.

एखाद्या आपल्याच कार्यक्रमाचा डबा निघाला तर? माझ्या मनात ते नाही असं म्हणालो तर खोटं होईल. मुंबईचं टीव्ही केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं आणि टेप पुसून वापरायची काटकसर आपल्याकडेही होती. डब्यावर देवनागरी दिसली तर मला रात्री बारालाही फोन करा.

आता थोडं कामाचं. सोळा मिलिमीटरची फिल्म म्हणजे रुंदीला करंगळीच्या पेरापेक्षा जरा जास्त. ही सुरक्षित फिल्म असते, जुन्या पस्तीस मिलिमीटरच्या नायट्रेटसारखी पेट घेत नाही, तेव्हा घाबरू नका. डबा सापडला की आधी जागेवरच फोटो काढा, झाकणाचा, कडेचा, चिकटपट्टीचा. चिकटपट्टी सोलू नका. बाहेरचं टोक हातभर, हलक्या हाताने, कोरड्या बोटांनी उलगडून खिडकीकडे धरलं तर नाव दिसू शकतं. त्यापुढे थांबा. उत्साहाच्या भरात कुणाचा तरी जुना प्रोजेक्टर आणून लावू नका. आक्रसलेल्या फिल्मेची भोकं दात्यांवर बसत नाहीत आणि अख्खं रीळ तीन मिनिटांत फाटत जातं, हे मी स्वतःच्या हाताने करून बसलोय. व्हिनेगरचा वास असेल तर तो डबा बाकीच्यांपासून लांब ठेवा. उन्हात, गाडीच्या डिकीत, स्वयंपाकघरात ठेवू नका. घरातली सगळ्यात कोरडी आणि गार जागा बघा.

आणि व्हॉट्सॲपवर टाकू नका, कृपा करून. या मालिकेचे चाहते जगभर आहेत आणि अफवेवर जगतात. ‘नैरोबीत सापडलं’ एवढं कुणी लिहिलं की दुसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्या तंत्रज्ञाच्या दाराशी दलाल उभे राहतील आणि तो भीतीने डबा जाळून टाकेल. जॉसच्या तिसऱ्या भागाचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

पुढच्या गणपतीच्या बैठकीत विषयपत्रिकेवर शेवटचा विषय म्हणून घेतलंत तरी चालेल. प्रत्येक मंडळातून दोन माणसं पुरेत, एक गाडी चालवणारा आणि एक तिथली भाषा घरच्यासारखी बोलणारा. त्यात शक्यतो एक बाई असू द्या. फडताळाच्या मागे काय आहे हे घरातल्या बायका बाईलाच सांगतात, रखवालदाराच्या बायकोनेही मला नव्हे, माझ्या बायकोला सांगितलं होतं की डबा तिने दोनदा घर बदलताना स्वतःच्या ट्रंकेत नेला.

आपला,
एक जुना फिल्म तपासनीस, पुणे

ता. क. झाकण गंजून बसलेलं असेल तर स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, आतल्या रिळाची कड तुटते. जाडसर नाणं घ्या, कडेच्या फटीत बसवा, थोडं पिळा, बोटभर पुढे सरका, पुन्हा पिळा. पूर्ण फेरी मारायला दहा मिनिटं लागतात. झाकण सुटताना एक बारीक ‘टक्’ आवाज येतो.